कोकिळा सत्तेचाळीस यांचा यथोचित गौरव

आंधळ्या माणसाला ग्रंथ वाचून दाखवणारं यंत्र दर पानाच्या शेवटी थांबतं आणि पडद्यावर एक चौकट उघडून विचारतं, ‘हे पान कसं वाटलं? तारे द्या.’ चौकट बंद करायची तर उजव्या कोपऱ्यात तिळाएवढी फुली आहे, ती दाबायची. ती फुली दिसायला डोळे लागतात. डोळे असते तर यंत्र लागलं नसतं. एवढी साधी गोष्ट आर्णीच्या कोकिळाबाई गावंड्यांना पहिल्या दिवशी, पहिल्याच पानावर, चष्मा न लावता कळली. ती संबंधितांना कळवावी म्हणून त्यांनी चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळींचं फळ म्हणून त्यांना आजवर पाच बिल्ले, एक काळा बनियन, एक कप, एक शाल आणि एक नारळ मिळाला. फुली तिथंच आहे.

यंत्र म्हणजे काही वेगळी वस्तू नव्हे. मोबाइलमध्येच असतं, ‘सांगाती’ नावाचं. समोरच्या घरच्या कौसल्याबाई मुनेश्वरांसाठी त्यांच्या मुलाने, धर्मपालने, ते आणून दिलं. कौसल्याबाईंनी बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली. निम्म्या आर्णीला अक्षरओळख त्यांच्या मांडीवर झाली. मग साखरेने त्यांचे डोळे नेले. त्यांच्या घरी दरवर्षी बौद्धांच्या वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज चार वाजता ग्रंथाचा एक भाग वाचायची रीत. मागच्या वर्षी ती रीत मोडली. तीन महिने ग्रंथ पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पडला होता, आणि कौसल्याबाई रोज चार वाजता हातपाय धुऊन त्याच्यासमोर नुसत्या बसत होत्या. हे कोकिळाबाईंनी आपल्या खिडकीतून पाहिलं होतं.

म्हणून यंदाच्या चातुर्मासात त्यांनी वांगं सोडलं नाही, कांदा सोडला नाही, (तो तसाही सुटलेला होता,) तर दुपारचा चहा सोडला. म्हणजे कौसल्याबाईंना चार वाजता वाचून दाखवल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, असा नेम धरला. कोकिळाबाईंचे बाकीचे नेम चालूच होते. पहाटेचं स्नान, तुळशीला अकरा प्रदक्षिणा, आणि गुरुवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मौन. गुरुवारचं वाचन तेवढं दिवा लावल्यावर होई, आणि त्या दिवशीचा चहाही.

शेजारचे नागोराव पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी कुंपणावरून विचारलं, “वहिनी, ग्रंथ त्यायचा, चातुर्मास तुमचा. मंग पुण्य कोणाले लागन?”

“लागेल ज्याला लागायचं त्याला. मी काही पत्ता लिहिला नाही त्याच्यावर,” कोकिळाबाई हळूच म्हणाल्या. त्या सगळंच हळू म्हणत. पुढं जे झालं त्यात या सवयीचाही हात होता.

तर असं वाचन सुरळीत चालू असताना हैदराबादहून फोन आला. त्यांच्या लेकीला, रंजिताला, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. म्हणजे बाळंतपणाला लेक माहेरी येणार नाही, माहेरालाच तिच्याकडे जावं लागणार, आणि तेही भाद्रपद संपायच्या आत. सोबत त्यांचे यजमान सदाशिवरावही जाणार, कारण त्यांना एकट्याला घरी ठेवलं तर गॅस कोण बंद करणार? आता उरलेल्या वीस-बावीस दिवसांचं वाचन कोण करणार, हा प्रश्न. कौसल्याबाईंची सून पायल कापडाच्या दुकानातून सात वाजता सुटायची. धर्मपालचं सारं आयुष्य पांढरकवड्याहून पुढं ट्रकवर. नागोरावांना विचारलं तर त्यांनी तत्काळ सात जणांची वाचन समिती नेमण्याची तयारी दाखवली, आणि स्वतःचं नाव अध्यक्ष म्हणून सुचवलं. वाचणारा त्यात कोणी नव्हता.

तेव्हा सांगाती आला. सारा ग्रंथ त्यात घालून धर्मपालने आईच्या हातात दिला आणि एक प्रत कोकिळाबाईंच्याही फोनमध्ये टाकली.

“काकू, हे कोण्या कंपनीचं नाही,” तो म्हणाला. “जगातले लोकं मिळून बनवतात, फुकट. ज्याले जे येते ते तो करते. काही चुकलं त लिहा म्हणते, आपण बी.”

कोकिळाबाईंनी मनातल्या मनात हात जोडले. कलियुगात असं अन्नछत्र चालू आहे आणि आपल्याला पत्ताच नाही! मग सांगातीने पहिलं पान स्वच्छ आवाजात वाचलं, चौकट उघडली, आणि तो गप्प झाला.

“संपला का जी ग्रंथ?” कौसल्याबाईंनी विचारलं.

“नाही हो. तारे मागतोय.”

“दिवसाढवळ्या?”

कोकिळाबाईंनी तक्रार लिहायला घेतली. नागोरावांचं म्हणणं पडलं की विषय, संदर्भ आणि जावक क्रमांक टाकल्याशिवाय जगात कुठलंच पत्र हलत नाही. कोकिळाबाईंनी तरी साधंच लिहिलं: ‘दर पानाला चौकट येते. ती बंद करायला दिसावं लागतं. ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करावं? कृपा करून चौकट काढावी.’ पाठवायच्या आधी यंत्राने नाव विचारलं. ‘कोकिळा’ लिहिलं तर म्हणालं हे नाव गेलेलं आहे, ‘कोकिळा४७’ चालेल का? जगात आपल्याआधी सेहेचाळीस कोकिळा तक्रार करून बसलेल्या आहेत, या विचाराने त्यांना धीरच आला. त्यांनी चालेल म्हटलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. प्रेरणा नावाच्या पुण्याच्या मुलीने लिहिलं होतं. सांगातीच्या ‘नवागत स्वागत समिती’ची ती प्रमुख. पत्रात कोकिळाबाईंचं इतकं कौतुक होतं की त्या चोरट्यासारख्या देवघरात जाऊन ते वाचून आल्या. सोबत एक बिल्ला होता. हातात धरायचा नव्हे, पडद्यावरचा. वर लिहिलं होतं, ‘पहिलं पाऊल’.

कोकिळाबाईंनी लिहिलं, ‘बिल्ला पोचला. चौकट निघाली नाही.’

त्यावर दुसरा बिल्ला आला: ‘पाठपुरावा’.

त्यांनी पुन्हा लिहिलं. तिसरा आला: ‘चिकाटी’. तेव्हा त्या थांबल्या. चौथा मागितल्यासारखं दिसायला लागलं होतं.

मग प्रेरणाने फोनच केला. पोरगी मोठी गोड. बोलली की कानात पाक सोडल्यासारखं वाटे.

“ताई, तुम्ही विदर्भातल्या आमच्या पहिल्या नॉन-टेक्निकल काँट्रिब्यूटर आहात, माहितीये?”

“म्हणजे काय गं?”

तिने समजावून सांगितलं. आजवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांचंच कौतुक व्हायचं. चुका शोधणारे, भाषांतर करणारे, दुसऱ्याला शिकवणारे यांना कोणी विचारत नसे. हा अन्याय आहे हे समितीच्या लक्षात आलं, आणि हे वर्ष त्यांनी अशा साध्या माणसांच्या गौरवासाठी ठरवलं. हे कोकिळाबाईंना पटलं. जेवण कोणी वाढलं एवढंच लक्षात ठेवणाऱ्या आणि भाजी कोणी निवडली हे कधीच न विचारणाऱ्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला ते न पटायला काय झालं?

“चांगलं आहे हो,” त्या म्हणाल्या. “मग ती चौकट?”

“ती नोंदवलीये ताई. पण ते काम करणारे दोघंही सध्या बिझी आहेत. सन्मानफलक बनवताहेत.”

“कोणाचा सन्मान?”

“तुमचाच की, ताई!”

फोन ठेवून कोकिळाबाई ओट्यावरचं वरण ढवळायला वळल्या. अन्नछत्रात कोणी हळूच म्हटलं, वरणात मीठ कमी आहे, तर वाढपी मीठ टाकतो. इथं वाढप्याने सांगणाऱ्याला हार घातला होता, आणि पुढच्या पंगतीला तेच वरण.

पण सन्मानालाही कागद लागतात. प्रेरणाने अर्ज पाठवला. तो भरायला सदाशिवराव आणि नागोराव असे दोघं बसले, म्हणजे दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर गेलं. ‘आपण कोणत्या भाषेत काम करता?’ असा एक रकाना होता. कोकिळाबाई म्हणाल्या, मराठी लिहा. पण लिहायची सोय नव्हती. यादीतून निवडायचं होतं, आणि यादीत मराठी नव्हती. हिंदीही नव्हती. सगळी प्रोग्राम लिहायच्या भाषांची भलतीच नावं होती. नागोरावांनी ती मोठ्याने वाचून दाखवली.

“यातली एक त अजगराचं नाव हाय,” ते म्हणाले. “हेच टाका. वजनदार वाटते.”

“अहो, मला येत नाही ती.”

“वहिनी, रकाना कोरा सोडला की फाइल वापस येते. मी छत्तीस वर्षं त्याच कामाचा पगार घेतला.”

अशा रीतीने कोकिळाबाई अजगराच्या भाषेत काम करू लागल्या. त्यामुळे पुढं महिनाभर त्यांना कोणकोणत्या देशांतून अडलेल्या लोकांचे प्रश्न येत राहिले. त्यांनी एकालाही खोटं उत्तर दिलं नाही. ‘मला येत नाही, देव तुमचं भलं करो,’ एवढं मराठीतून कळवलं. त्यावर चौथा बिल्ला मिळाला: ‘मदतीचा हात’.

मग बैठक ठरली. सगळ्या नवागतांची पडद्यावर ओळख करून द्यायची होती. कोकिळाबाईंनी मनाशी ठरवलं की आता पत्र नको, बिल्ला नको, तोंडाने सांगायचं. सगळे समोर असतील, ते दोघं कामकरीही असतील. ‘बाबांनो, माझ्याकडे महिना उरला. तेवढी चौकट काढा.’ वाक्य त्यांनी पाठ केलं. मग बैठकीची वेळ आली: गुरुवार, दुपारी तीन.

वेळ बदला असं कळवता आलं असतं. पण सतरा लोकांची सोय, त्यात दोघं परदेशातले. आपल्या एका नेमासाठी सतरा लोकांना हलवायचं हे त्यांना उद्धटपणाचं वाटलं. आणि नेम मोडायचा तर प्रश्नच नव्हता. अठरा वर्षांत ते मौन सासूबाईंच्या तेराव्यालाही मोडलं नव्हतं. त्यांनी कौसल्याबाईंकडून अंगणवाडीतली जुनी पाटी आणली, तिच्यावर ठसठशीत अक्षरांत ‘चौकट काढा’ लिहिलं, आणि बरोबर तीन वाजता चापूनचोपून पदर घेऊन पडद्यासमोर बसल्या. बोलायला म्हणून सदाशिवरावांना शेजारी घेतलं.

“कोकिळाताई, दोन शब्द बोला ना!” प्रेरणा म्हणाली.

कोकिळाबाईंनी हात जोडले.

“ताई, तुम्ही म्यूटवर आहात.”

त्यांनी मान डोलावली. होत्याच.

“ताई, खाली डावीकडे माइकचं चित्र आहे, ते दाबा.” मग सोळा जण एकदम सांगू लागले. कोणी म्हणालं फोन बंद करून चालू करा, कोणी म्हणालं कानातलं काढा. कोकिळाबाईंनी कानातली फुलं चाचपली.

शेवटी सदाशिवराव पुढं सरसावले. “तसं नाही जी. ती आज बोलत नाही.”

“काही नाराजी आहे का आमच्यावर?” प्रेरणाचा आवाज उतरला.

“छे छे! दर गुरुवारचंच हाय.”

“दर गुरुवारी नाराज असतात?”

कोकिळाबाईंनी घाईने पाटी उचलून धरली. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड नेमका पाटीवर पडला आणि पडद्यावर पाटीचा नुसता आरसा झाला.

“ओ, ताईंनी आपल्यासाठी मेसेज लिहिलाय! काका, वाचून दाखवता?”

सदाशिवरावांचा चष्मा देवघरात राहिला होता. पण उभ्या आयुष्यात त्यांनी जेवढे सत्कार पाहिले त्या सगळ्यांत या क्षणाला एकच वाक्य येई. ते त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, “मी आपल्या सर्वांची मनापासून ऋणी आहे!”

पडद्यावर खालून लाल लाल बदाम उडू लागले, गुलाल उधळावा तसे. कोकिळाबाई पाटी धरून बसून राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं. त्याचंही कोणीतरी चित्र काढून ठेवलं, आणि खाली लिहिलं, ‘भावुक क्षण’.

दिवेलागणीला त्यांनी समई लावली, मौन सोडलं आणि पहिलं वाक्य यजमानांना उद्देशून म्हटलं, “तुमचा चष्मा कुठं आहे?” अठरा वर्षांत मौन सोडल्यावर त्यांच्या तोंडून रामनामाशिवाय दुसरं काही निघालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पार्सल आलं. म्हणजे बस स्टँडजवळच्या कुरिअरच्या दुकानापर्यंत आलं. दुकानदाराने आधार कार्ड मागितलं, पाहिलं, आणि पार्सलवर हात ठेवला.

“यात कोकिळा सदाशिव गावंडे हाय. पार्सल कोकिळा सत्तेचाळीस यायचं हाय.”

“ती मीच.”

“मंग सत्तेचाळीस कुठं हाय यात?”

“अहो, ते यंत्राने लावलेलं नाव आहे.”

“मावशी, आज तुमाले देतो. उद्या सत्तेचाळीस आली त मी काय सांगू?”

कोकिळाबाई परत आल्या. त्यांना पार्सल नकोच होतं, पण नागोरावांच्या डोळ्यांत निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तेज आलं. त्यांनी स्वतः तहसीलसमोर बसून मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून आणलं: ‘कोकिळा गावंडे व कोकिळा सत्तेचाळीस या दोन्ही व्यक्ती एकच असून, उर्वरित सेहेचाळीस कोकिळांच्या कृत्यांशी माझा काहीही संबंध नाही.’ त्याखाली कोकिळाबाईंनी सही केली. त्या सेहेचाळीस जणींचं म्हणणं कोणी ऐकलं असेल का, असं वाटून गेलं.

पार्सलमध्ये एक कप आणि एक काळा बनियन होता. बनियनच्या छातीवर उताणं पडलेलं, पाय वर केलेलं, वीतभर झुरळ.

“काय पाठवलं व ताई?” कौसल्याबाईंनी कापडावरून हात फिरवत विचारलं.

“झुरळ.”

“मेलेलं का जितं?”

“मेलेलं. वर इंग्रजीत लिहिलंय, मी किडे शोधते. त्यांच्यात चुकीला किडा म्हणतात म्हणे.”

कौसल्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “बत्तीस वर्षं मी खिचडीतले किडे निवडले, मले नाही देल्लं कोणी लुगडं!” मग त्या थांबल्या. “चौकटीचं काय म्हणते ते?”

“करतील.”

“मले घाई नाही. पण तुमी गेल्यावर मंग...” आणि ते वाक्य त्यांनी तिथंच फडक्यात गुंडाळून ठेवलं.

बनियन सदाशिवरावांनी घातला. सकाळी फिरायला गेले तर दोघांनी थांबवून विचारलं, घरात वाळवी झाली आहे, केव्हा येता?

एवढ्यावर थांबलं असतं, पण प्रेरणाच्या समितीची इच्छा होती की गौरव ‘स्थानिक पातळीवर’ही व्हावा, आणि स्थानिक पातळी म्हणजे नागोराव. त्यांनी सभागृह घेतलं, फलक लावला, पाहुणे बोलावले. चार वाजताचा कार्यक्रम सहा वाजता सुरू झाला. तो दिवस रविवार होता, हे कोकिळाबाईंनी आधी तपासून घेतलं होतं. या वेळी बोलायचंच. शाल आली, नारळ आला. आणि मग नागोरावांनी ध्वनिक्षेपकावरून पुकारलं, “आता आपल्यासमोर येत आहेत, या उपक्रमाच्या लाभार्थी, श्रीमती कौसल्याबाई मुनेश्वर!”

हे कोकिळाबाईंना ठाऊक नव्हतं. पायलने सासूचा हात धरून त्यांना वर आणलं. नागोरावांनी फोन त्यांच्या हातात दिला आणि ध्वनिक्षेपक फोनला लावला. सांगातीने एक पान वाचलं. सभागृह शांत होतं, आवाज खरोखर सुंदर होता. मग पान संपलं, चौकट उघडली, आणि आवाज बंद.

कौसल्याबाईंनी बोट पडद्यावर फिरवलं. वर, खाली, कडेला. काही होईना. दोनशे माणसं पाहत होती. कौसल्याबाईंना ती दिसत नव्हती, पण बत्तीस वर्षं मुलं सांभाळलेल्या बाईला खोलीतली शांतता ऐकू येते.

“नेटवर्क नाही, नेटवर्क नाही,” नागोराव म्हणाले. “टाळ्या!”

टाळ्या झाल्या. कौसल्याबाईंनी फोन शांतपणे त्यांच्या हातात परत दिला. “नागोराव, मी लाभार्थी नव्हती कधी,” त्या म्हणाल्या. “मी हजेरी घेत होती. तुमच्या दोन पोरायची बी.”

कोकिळाबाई ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. पाठ केलेलं वाक्य त्या म्हणाल्या, अगदी शब्दन् शब्द. पण ध्वनिक्षेपक अजून फोनलाच लावलेला होता, आणि त्यांचा आवाज पहिल्या रांगेच्या पलीकडे कधीच जात नसे. पहिल्या रांगेत पाहुणे होते. त्यांनी आदराने मान हलवली आणि घड्याळ पाहिलं.

कार्यक्रमाहून दोघी बरोबरच परतल्या. दारापाशी कौसल्याबाई म्हणाल्या, “उद्या या. तीन भाग राह्यले हायत तुमचे.”

तीनाचे दोन झाले, दोनाचा एक. निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा भाग वाचून कोकिळाबाईंनी तिथंच चहा घेतला आणि घरी येऊन सांगाती उघडला, तर नवी आवृत्ती आली होती. त्यांच्या तक्रारीपुढं हिरवी खूण होती. त्यांनी चष्मा पुसून वाचलं: ‘तक्रार बंद. तक्रारदाराचा यथोचित गौरव करण्यात आला आहे.’

त्यांनी ग्रंथाचं एक पान लावलं. ते संपलं. ताऱ्यांची चौकट खरंच गेली होती. तिच्या जागी दुप्पट मोठी चौकट उघडली. तिच्यात शाल पांघरलेल्या कोकिळाबाई होत्या, हातात नारळ. आता सांगाती गप्पही बसला नाही. चौकट वाचून दाखवायची सुधारणा त्यात केलेली होती. “या महिन्याच्या मानकरी,” तो स्वच्छ आवाजात म्हणाला, “कोकिळा सत्तेचाळीस. अभिनंदनासाठी हृदयावर बोट ठेवा.” आणि मग तो थांबला. कोपऱ्यात फुली होती. तिळाएवढीच.

त्यांनी प्रेरणाला लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पत्रातल्या मागणीला ‘कृपा करून’ लावलं नाही. ‘माझं नाव काढा. माझा फोटो काढा. मला काही नको.’

पाच मिनिटांत उत्तर आलं. पाचवा बिल्ला: ‘नम्रता’.

गुरुवारी ते निघाले. पांढरकवड्याला हैदराबादची बस मिळाली. सदाशिवराव झुरळाचा बनियन घालून खिडकीला टेकून झोपी गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सागाचं रान मागं पळत होतं. सव्वाचार झाले आणि कोकिळाबाईंचा फोन वाजला.

त्यांनी उचलला. बोलणं शक्य नव्हतं.

“ताई? कुठवर गेल्या?” पलीकडे कौसल्याबाई. “ताई, बोलत काहून नाही?” मग एक क्षण थांबून, “अगो माय, गुरुवार हाय नाही का आज. नका बोलू. आयका फक्त.”

सतरा जणांना न कळलेलं त्यांना एका श्वासात कळलं.

“मी चार वाजता बसली. सांगाती लावला. पह्यलं पान चांगलं वाचलं त्यानं. मंग तुमचं नाव घेतलं अन् म्हणे हृदयावर बोट ठेवा. म्या ठेवलं, ताई. पह्यले बोट ठेवलं, मंग छातीवर सारा हातच ठेवला. लय वेळ ठेवला. पण ते पुढं काही जात नाही.” त्या हसल्या. “राहू द्या. तुमचं नाव त आयकू येते रोज. ठेवतो मी.”

“ठेवू नका,” कोकिळाबाई म्हणाल्या.

“ताई, तुमचं मौन!”

“ठेवू नका म्हटलं ना.”

त्यांनी फोन कानापासून काढून समोर धरला, आवाज वाढवला, सांगाती उघडला आणि आजचा भाग काढला. आणि वाचू लागल्या. मोठ्याने. आधी पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं, मग कंडक्टरने. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला होता, आणि तिथं ऐकायला कोणी कामाचं नव्हतं.

पान संपलं. चौकट उघडली. शाल पांघरलेली, नारळ घेतलेली एक बाई त्यांच्याकडे पाहून हसत होती. कोकिळाबाईंनी तिच्या डोक्याजवळची फुली दाबली. पुढचं पान. पुन्हा ती बाई. पुन्हा फुली. आजचा भाग अकरा पानांचा होता. तुळशीला अकरा प्रदक्षिणा घालाव्यात तशा त्या स्वतःलाच मिटवत गेल्या.

सदाशिवरावांना जाग आली. “काय गं, आज गुरुवार ना?”

त्या वाचतच राहिल्या. दहावं पान संपून अकरावं सुरू झालं होतं. तेही संपलं. या वेळी एकाऐवजी दोन चौकटी उघडल्या. दुसरीत नवा बिल्ला होता, सलग अकरा पानं वाचल्याबद्दल. तिला वेगळी फुली होती.

“झालं का जी, ताई?” कौसल्याबाईंनी विचारलं. “च्या घ्या मंग आता.”

“थांबा जरा,” कोकिळाबाई म्हणाल्या, आणि चष्मा वर सरकवून ती दुसरी फुली शोधू लागल्या.